जीपीएसला उपग्रह सापडत नाही तेव्हा : निलंग्याच्या सहा विहिरींची गोष्ट



संशोधन पद्धतीच्या पुस्तकात ‘मोजमापातल्या चुका’ असं एक प्रकरण असतं. पेट-साठी आपण ते पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. मीही विसरले होते. गेल्या मे महिन्यात निलंगा तालुक्यात गाडीतल्या एका जीपीएस यंत्रानं ते प्रकरण मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. तुमच्यापैकी ज्यांना भूगोल, भूजल, शेती, पुरातत्त्व अशा कुठल्याही विषयात फील्डवर्क करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. जीपीएस न वापरणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. दोष शोधायची रीत सगळीकडे सारखीच असते.

काय झालं होतं

माझं काम विहिरींचं आहे. पावसाळ्याआधी विहिरीत पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि विहिरीचे अक्षांश-रेखांश नोंदवायचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या भागात कुठल्या विहिरीला कधी किती पाणी होतं, ही नोंद नुसत्या प्रबंधापुरती नसते.

अक्षांश-रेखांश कशाला, गावाचं नाव लिहिलं की झालं, असं वाटेल. पण हा किल्लारीच्या शेजारचा मुलूख आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली कितीतरी गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या नकाशातलं गाव आणि आजचं गाव वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतं. ‘गावाच्या उत्तरेची विहीर’ म्हटलं तर कुठल्या गावाच्या?

तर आमच्या विभागाच्या कपाटात गाडीच्या काचेला चिकटवायचं एक जुनं जीपीएस यंत्र होतं. तेच घेतलं. निलंग्यात एक जीप भाड्यानं ठरवली आणि औराद शहाजानीच्या रस्त्याला लागलो. जीपमध्ये बसलं की यंत्र म्हणायचं, ‘उपग्रह शोधत आहे’. पाच मिनिटं वाट बघायची, कंटाळून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, असं माझं चाललेलं. जीपवाले मामा हसून म्हणाले, “ओ मॅडम, हितं टावरच न्हाई, ते डबडं काय करंल?”

विहीर आली की यंत्र काढून हातात घ्यायचं, काठाशी जायचं, बटण दाबायचं. ‘टूं’ असा आवाज यायचा आणि ‘बिंदू जतन झाला’ अशी पाटी दिसायची. मी खूश. संध्याकाळी लॉजवर सगळे बिंदू नकाशावर टाकले, तेव्हा दुपारच्या सहा विहिरी एकाच ठिपक्यावर बसलेल्या दिसल्या. यंत्राला त्या वेळी उपग्रह सापडलेलेच नव्हते. शेवटची माहीत असलेली जागा त्यानं सहा वेळा इमानदारीनं जतन केली होती.

थांबा, खरी गंमत पुढे आहे. सकाळच्या विहिरी बरोबर होत्या. वहीत पाहिलं तर सकाळी प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी चहाला बसवलं होतं. पहिल्या शेतात तर अर्धा तास गेला. दुपारी ऊन तापलं, शेतात कुणी नव्हतं, म्हणून मी उतरले, बटण दाबलं आणि निघाले. म्हणजे जिथं चहा झाला तिथले बिंदू बरोबर, जिथं घाई केली तिथले चूक! हा दुवा मला यंत्रानं दिला नाही, वहीनं दिला. फील्डवहीत ‘चहा, २० मिनिटं’ असल्या फालतू वाटणाऱ्या नोंदीसुद्धा का लिहायच्या, ते इथं कळतं.

यंत्र नेमकं काय ऐकतं?

दोष शोधायचा असेल तर आधी बरोबर चालणारी गोष्ट कशी चालते ते समजलं पाहिजे. हे टाळून थेट बटणं दाबत बसणं ही आपली नेहमीची चूक.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. ते सतत ‘मी अमुक, आता इतके वाजले, मी इथं आहे’ असं सांगत असतात. यंत्र फक्त ऐकतं, उपग्रहाला उलट काही पाठवत नाही. त्यामुळे मामांच्या टॉवरचा इथं संबंध नाही. मोबाइलमध्ये मात्र थोडा असतो, त्याकडे पुढे येऊ.

उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत यायला सुमारे ०.०७ सेकंद लागतात. निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ माहीत असली की अंतर निघतं. तीन अंतरांवरून जागा मिळायला हवी, पण यंत्रातलं घड्याळ साधं असतं. ते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणून घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशी धरायची आणि चौथा उपग्रह घ्यायचा. चार अज्ञात राशी, चार समीकरणं, दहावीच्या बीजगणितासारखं.

आता महत्त्वाचा मुद्दा. हा संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा कमालीचा क्षीण असतो. एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले तर त्यातला साधारण एक भाग. यंत्राच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटापेक्षाही तो खाली असतो. मग ऐकू कसा येतो? प्रत्येक उपग्रहाची १,०२३ खुणांची ठरलेली माळ असते आणि ती दर मिलिसेकंदाला पुन्हा येते. यंत्राला ती माळ पाठ असते. जत्रेच्या गलक्यात हरवलेलं पोर आपल्या आईची हाक बरोबर ओळखतं, कारण ती हाक त्याच्या ओळखीची असते आणि आई तीच हाक पुन्हा पुन्हा मारत असते. तसंच हे. पण शेजारी कुणी भोंगा लावला तर? तेव्हा पोरालाही काही ऐकू येणार नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. उपग्रहाची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या संथ गतीनं येते. त्या एका उपग्रहाच्या कक्षेचा नेमका तपशील १८ सेकंदांचा असतो आणि दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. मध्येच खंड पडला तर हुकलेला भाग पुढच्या फेरीत घ्यावा लागतो. हा तपशील साधारण चार तास उपयोगी असतो. शिवाय सगळ्या उपग्रहांचं एक ढोबळ पंचांग असतं, त्याला अल्मनॅक म्हणतात. ते पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. यंत्राकडे पंचांग आणि घड्याळ असेल तर आत्ता डोक्यावर कोण आहे हे त्याला ठाऊक असतं. नसेल तर ते आंधळी कोशिंबीर खेळतं.

आता माझं दर पाच मिनिटांनी यंत्र बंद करणं आठवा.

संशयितांची यादी

त्या रात्री गाइड सरांना फोन केला. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “कारणं लिहून काढ. जे तपासायला स्वस्त ते आधी.” हे वाक्य तुम्हीही लिहून ठेवा. माझी यादी अशी झाली :

१. आकाश झाकलेलं. चिंच, वड, पत्र्याचं शेड, उंच भिंत. ओल्या पानांनी संकेत आणखी क्षीण होतो. ढगांनी मात्र या लहरींवर जवळजवळ काही परिणाम होत नाही. ‘आज आभाळ आलंय म्हणून जीपीएस चालेना’ असं कुणी म्हटलं तर दुसरं कारण शोधा.

२. वेळ पुरेसा दिला नाही. खूप दिवस बंद असलेल्या यंत्राला मोकळ्या आकाशाखाली, एका जागी, निदान पंधरा मिनिटं द्यावीत.

३. काच. काही गाड्यांच्या काचेवर धातूचा पातळ थर किंवा धातूमिश्रित फिल्म असते. आपल्याला आरपार दिसतं, पण संकेत अडतो.

४. गोंगाट. कॅमेरा, चार्जर, स्वस्त दिवे, हे सगळे आपले भोंगे.

५. यंत्रच जुनं. अँटेना तुटलेली, आतली छोटी बॅटरी संपलेली, किंवा आठवड्यांची मोजणी चुकलेली. ही शेवटची भानगड मजेशीर आहे. जीपीएसची कालगणना ६ जानेवारी १९८० पासून आठवड्यांत चालते आणि आठवड्याच्या आकड्याला मुळात फक्त दहा बिट दिलेले आहेत. म्हणजे १,०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. ऑगस्ट १९९९ मध्ये आणि ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री असं झालं. जी जुनी यंत्रं सुधारून घेतली नव्हती, त्यातली काही वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागली.

६. खरंच आकाशातला दोष. हा यादीत शेवटी, कारण तो क्वचित होतो आणि तपासायला अवघड असतो. आपला देश चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. त्यामुळे सूर्यास्तानंतर काही तास, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आयनांबरात खळबळ होऊन संकेत लुकलुकतो. पण माझा घोटाळा मे महिन्यातल्या भर दुपारचा होता. वेळ जुळत नव्हती, म्हणून हे कारण मी खाली ढकललं. उपग्रहही बिघडतात. भारताच्या ‘नाविक’ मालिकेत २०१३ साली सोडलेल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही अणुघड्याळं पुढे बंद पडली. उपग्रह जागेवर होता, पण अचूक वेळ सांगू शकत नव्हता, म्हणून स्थान काढायच्या कामाचा राहिला नाही. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ ला पाठवलेला उपग्रह उष्णताकवच न उघडल्यामुळे वाया गेला आणि पुढचा १२ एप्रिल २०१८ ला गेला. माझं जुनं यंत्र मात्र फक्त जीपीएस ऐकणारं, त्यामुळे ‘नाविक’चा इथं प्रश्न नव्हता.

एका वेळी एकच बदल

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामांना जीप एका मोकळ्या मैदानावर घ्यायला सांगितली. आसपास झाड नाही, इमारत नाही. यंत्रात उपग्रहांचं एक पान असतं. त्यावर प्रत्येक उपग्रहाची पट्टी आणि तिची ताकद आकड्यात दिसते. साधारण ४० च्या वर म्हणजे छान, ३० च्या खाली म्हणजे रडतखडत. ‘सापडला’ किंवा ‘नाही सापडला’ एवढंच लिहू नका, आकडा लिहा. हो-नाहीतून फार कमी कळतं.

पहिली चाचणी : इंजिन बंद, यंत्र बॉनेटवर, हात लावायचा नाही. नवव्या मिनिटाला जागा मिळाली. तारीखही बरोबर होती, म्हणजे आठवड्यांच्या मोजणीचा संशय गेला. मग यंत्र बंद करून लगेच चालू केलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून! म्हणजे आतली बॅटरी संपलेली होती. बंद केलं की पंचांग, घड्याळ, सगळं पुसलं जात होतं. आदल्या दिवशी दर पाच मिनिटांनी मी स्वतःच त्याची पाटी कोरी करत होते.

दुसरी : जागा मिळाल्यावर, चालू ठेवूनच, यंत्र आत काचेला लावलं. पट्ट्या थोड्या खाली आल्या, पण जागा टिकली. काच निर्दोष.

तिसरी : मामांनी चावी फिरवून इंजिन चालू केलं. दोन मिनिटांत सगळ्या पट्ट्या कोसळल्या.

इथं मी ‘इंजिन!’ असं लिहिणार होते. पण चावी फिरवली की फक्त इंजिन चालू होत नाही. त्याबरोबर मामांचा पुढचा कॅमेराही चालू होत होता. यंत्रापासून जेमतेम वीतभर अंतरावर. एक बदल केला असं मला वाटलं, प्रत्यक्षात दोन झाले होते. संशोधनात याला गोंधळकारक चल म्हणतात. व्याख्या पाठ होती, ओळख त्या दिवशी झाली.

चौथी : इंजिन चालू, कॅमेऱ्याची पिन काढलेली. पट्ट्या परत वर. पिन लावली, पट्ट्या खाली. असं तीनदा केलं. दोष घालवता येणं पुरेसं नाही, तो ठरवून परत आणता आला तरच कारण हाती लागलं म्हणायचं. नुसता ‘चालायला लागलं’ म्हणून निघून गेलं, तर योगायोगानं चालायला लागलं का, हे कधीच कळत नाही.

पाचवी : कॅमेरा की त्याचा चार्जर? माझी पैज चार्जरवर होती. कॅमेरा माझ्या पॉवर बँकेवर लावून पाहिला. पट्ट्या तशाच खाली! पैज हरले. कॅमेऱ्याच्या आतल्या विद्युत मंडळातूनच गोंगाट येत होता. यंत्र काचेच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं, पट्ट्या सावरल्या. खर्च शून्य रुपये.

मामांनी मध्येच स्वतःचा मोबाइल पुढे केला, “ह्याच्यात तर लगीच दिसतंय की!” बरोबर होतं, पण ही तुलना सरळ नाही. मोबाइल उपग्रहांचा तपशील इंटरनेटवरून आयता घेतो, शिवाय एकापेक्षा जास्त देशांचे उपग्रह ऐकतो. त्याला ३० सेकंद संथ संदेश ऐकत बसावं लागत नाही. तुलनेसाठी घेतलेली वस्तू तपासायच्या वस्तूसारखी आहे का, हा प्रश्न नेहमी विचारा.

आता चहाचं कोडं सुटलं. गाडीत कॅमेऱ्याचा भोंगा, त्यामुळे यंत्र बहिरं. विहिरीवर भोंगा नाही. पहिल्या शेतातल्या अर्ध्या तासात त्याला उपग्रहांचा तपशील मिळाला आणि पुढच्या चहांमध्ये तो ताजा होत गेला. दुपारपर्यंत सकाळचा तपशील शिळा झाला होता. नवा घ्यायला निदान अर्धा मिनिट शांतता हवी होती आणि मी तेवढी उभीच राहत नव्हते.

कुलाब्याहून अलिबागला

भोंगा बंद करता येत नसेल तर काय करायचं? याचं आपल्याच राज्यातलं जुनं उदाहरण आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विद्युतप्रवाहानं नाजूक चुंबकमापकं बिघडली असती. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय काम अलिबागला हलवलं गेलं. १९०४ साली तिथं नोंदी सुरू झाल्या. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये.

यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबवल्या नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. त्यामुळे दोन जागांमधला फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. गोंगाट यायच्या आधी तयारी आणि बदल करताना तुलना. आमच्या मैदानावरच्या तासाभराच्या उद्योगाचं हे थोर भावंड समजा.

सहा विहिरींचं काय झालं

त्या रात्री मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? उपग्रह-छायाचित्रात विहिरी दिसतात. अंदाजानं सहा गोल शोधायचे, आकडे भरायचे. आठवड्यानं प्रगती अहवाल होता, जीपचं भाडं अंगावर येत होतं आणि कुणाला कळलंही नसतं.

परत गेलो. पहिल्याच शेतात आजी म्हणाल्या, “ओ ताई, परत आलाव का? पाणी वाढलं का बघायला?” पाच विहिरी बरोबर सापडल्या आणि या वेळी प्रत्येकीपाशी मी घड्याळ लावून दोन मिनिटं उभी राहिले. सहावीच्या बांधावर मात्र अडले. शेजारीशेजारी दोन विहिरी, दोन्ही दगडी, दोन्हींवर मोटार. आदल्या दिवशी कुठली मोजली? पाणी पुन्हा मोजून ओळखावं म्हटलं, तर दोन्हींवर रात्री उपसा झाला होता. अर्धा तास वही चाळली. शेवटी ती नोंद रद्द केली आणि प्रबंधात तसं लिहिलं आहे : एक विहीर, स्थान अनिश्चित, वगळली. विहिरीचं पाणी मोजायला मी खाली वाकले होते, टेप ओला झालेला आठवतो, पण तो आकडा आता कुणाच्याच कामाचा नाही.

तुमच्यासाठी, फील्डला निघण्याआधी :

- रोज सकाळी एका ओळखीच्या जागेवर, उदाहरणार्थ लॉजच्या फाटकाशी, पहिला बिंदू घ्या. संध्याकाळी तिथंच शेवटचा. दोन्ही जुळले पाहिजेत.
- अक्षांश-रेखांशाबरोबर वेळ आणि उपग्रहांची संख्या वहीत हातानं लिहा. ‘टूं’ आवाजावर विश्वास ठेवू नका.
- बटण दाबण्याआधी आकडा वाचा. मागच्या जागेपेक्षा तो बदललाय का, एवढं पाहिलं असतं तरी माझ्या सहा विहिरी वाचल्या असत्या.
- प्रत्येक जागेचा एक फोटो, ज्यात शेजारची ठळक खूण दिसेल. दोन जुळ्या विहिरींच्या वेळी तोच कामी येतो.
- बिंदू त्याच संध्याकाळी नकाशावर टाका. महिनाभरानं टाकले असते तर मला परत जाताच आलं नसतं. पहिला पाऊस पडला असता आणि विहिरींचं पाणी बदललं असतं.

आणि हो, कुणी चहाला बसवलं तर बसा. यंत्रालाही तेवढा वेळ मिळतो.